चुलीवरचं, पाच जणांत

वांद्र्यातल्या किंवा कोरेगाव पार्कातल्या नव्या रेस्टॉरंटमध्ये शिरलं की आधी भट्टी दिसते. दिसावी म्हणूनच ती तिथे मांडलेली असते. पूर्वी हॉटेलचं स्वयंपाकघर गिऱ्हाइकापासून लपवायची जागा होती. आता घुमटासारख्या भट्टीचं तोंडच आपल्याकडे असतं आणि शेजारी लाकडं रचलेली असतात, सगळी एका मापाची, साल शाबूत. आमच्या आजीच्या हाती ती लागली असती तर तिनं ती जाळली नसती, पाहुण्यांना दाखवायला ठेवली असती.

आजीच्या पिढीनं चुलीसमोर बसून फुंकणीनं आयुष्य फुंकलं. गॅसची शेगडी घरात आली तेव्हा तिला हळदकुंकू वाहिलं गेलं ते उगाच नाही. 2016 साली उज्ज्वला योजना निघाली, तीही बायकांची या धुरातून सुटका व्हावी म्हणून. आणि आता आपण टेबल राखून, गाडी लावायला जागा शोधत, त्याच धुराकडे जातो. हमरस्त्यावरचे ‘चुलीवरची मिसळ’, ‘चुलीवरचं मटण’ हे फलक आणि वांद्र्याचं ‘वुडफायर्ड’ एकाच गोत्रातले. फरक इतकाच, की फलकाखाली बाजेवर बसायला मिळतं.

मुंबईत या धुराचं कोर्टात प्रकरणही झालं. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. कोळशाच्या तंदूरवाली हॉटेलंही त्यात आली. पण शहर हळहळलं ते पावासाठी. विजेच्या भट्टीतल्या पावाला ती चव येणार का, यावर वडापाव खाता खाता तावातावानं वाद झाले. हवा स्वच्छ हवी आणि पाव लाकडावरचाच हवा, असं दोन्ही म्हणणाऱ्यांत मीही आहे.

खरं तर नेपल्सच्या पिझ्झाला धुराची चव फारशी लागतच नाही. भट्टी साडेचारशे अंशांच्या आसपास तापलेली असते आणि पिझ्झा दीड मिनिटाच्या आत बाहेर येतो. एवढ्या वेळात धूर तरी काय करणार? करामत उष्णतेची: कडा फुगतात, त्यांवर काळे ठिपके पडतात, आतलं पीठ मऊ राहतं. धूर मुरतो तो सावकाश शिजणाऱ्या पदार्थांत. निखाऱ्यात भाजलेलं वांगं ज्यानं सोललंय त्याला हे सांगायला नको. त्यामुळे या रेस्टॉरंटांत मला पिझ्झ्यापेक्षा भाजलेली कोबी आवडते. बाहेरून करपलेली, आतून गोड, खाली दह्याचा थर. घरी हीच कोबी अशी वाढली तर ‘लक्ष कुठे होतं?’ असं विचारलं जाईल.

पण खरी परीक्षा वेटर आल्यावर सुरू होते. ‘आमच्याकडे पहिल्यांदाच आलात का?’ असं विचारून तो जेवण समजावून सांगतो. प्लेट लहान, सगळ्यांनी वाटून घ्यायच्या, आणि पदार्थ जसजसा तयार होईल तसतसा येईल. पंगतीत मीठ-लिंबापासून भातापर्यंत सगळं पानात पडल्याशिवाय हात न लावणाऱ्या घराण्यात मी वाढलो. इथे गोडाच्या आधी कोण, नंतर कोण, हे भट्टी ठरवते. आणि आपण पाच जण असलो की प्लेटमध्ये तुकडे हमखास चार.

एका ताटात जेवणं आपल्या शहरांना नवं नाही. भेंडीबाजारातल्या बोहरी घरांत एका थाळाभोवती आठेक जण बसतात, चिमूटभर मीठ चाखून सुरुवात करतात, आणि अन्न टाकायचं नाही हा शिरस्ता. पण तिथे हात लहानपणापासून तयार झालेले असतात. आपली बाजू कुठवर, हे कुणाला सांगावं लागत नाही. आम्ही मात्र ‘उष्टं’ या एका शब्दाच्या धाकात वाढलो. त्यामुळे चमचा प्लेटकडे नेतानाही चेहरा बँकेत दुसऱ्याच्या खात्यातून पैसे काढल्यासारखा होतो.

मग तो शेवटचा तुकडा. ‘घे ना.’ ‘नको, तू घे.’ ‘मला बास झालं.’ बास कुणालाच झालेलं नसतं. पंगतीतला आग्रह यजमान करायचा आणि त्याच्या मागे जिलब्यांची परात असायची. इथे आग्रह आपणच एकमेकांना करतो आणि मागे कुणीच नसतं, फक्त ‘ही प्लेट नेऊ का?’ म्हणणारा वेटर. तो नेतोही. त्या तुकड्याचे पैसे मात्र बिलात पाचही जणांत सारखे वाटले जातात. तेवढं वाटणं आम्हाला मोबाइलवर चटकन जमतं.

तरीही जा. कोबी मागवाच. पाच जण असाल तर चार तुकड्यांच्या पदार्थाच्या सरळ दोन प्लेट सांगा, आणि मे महिन्यात जाणार असाल तर भट्टीपासून लांबचं टेबल मागून घ्या.