हिशेबी सद्गृहस्थांस, आकाशपाळण्याच्या वतीने

यात्रेत पैसे वाया जातात असे दरवर्षी न चुकता सांगणाऱ्या समस्त हिशेबी सद्गृहस्थांस, अक्कलकुव्याहून सप्रेम नमस्कार, वि. वि.

दत्तजयंतीला सारंगखेड्यात पाळणे उभे राहिले की आपल्या पोटात कळ येते. महाशिवरात्रीला सीमेपलीकडे गुजरातेत देवमोगऱ्याची यात्रा भरली की ती वाढते, आणि होळीच्या तोंडावर मोलगी-धडगावचे भोंगऱ्या बाजार सुरू होईपर्यंत तिचा उपदेश झालेला असतो, हे आम्ही जाणून आहोत. आपला प्रश्न थोडक्यात असा: तीन मिनिटे गरगर फिरून माणूस जिथे बसला तिथेच उतरतो, मग त्याने पैसे दिले कशाचे? प्रश्न बिनतोड आहे. फक्त तो पाळण्यापाशीच का थांबवावा, एवढे कळत नाही. याच न्यायाने आषाढीला पंढरपूरला जाऊन पुन्हा आपापल्या घरीच परतणाऱ्यांनाही एसटीचे पैसे परत मागता येतील. तेव्हा आपल्या काळजीबद्दल आभार मानून, हिशेब आपल्याच पद्धतीने मांडण्याची परवानगी घेतो.

पाळण्याचे तिकीट माणशी ५० रुपये धरू. नवरा, बायको, दोन मुले, म्हणजे २०० रुपये. महाराष्ट्रात २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे कमावत्या माणसाच्या दिवसाच्या मजुरीतले जवळजवळ दोन-तृतीयांश तीन मिनिटांत हवेत गेले. माणशी मिनिटाला सुमारे १७ रुपये. इथवर विजय आपला आहे. आता वहीचे पुढचे पान उलटू, जे आपण सहसा उलटत नाही. पाळणा यात्रेत आलाच नाही, आणि अक्कलकुव्यातल्या याच चौघांना वर्षातून एकदा उंच जाऊन किंचाळायचे आहे, तर त्यांनी जावे कुठे? गोराईला १९८९ साली सुरू झालेले एस्सेलवर्ल्ड आता बंद आहे. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ पासून चालू आहे, आणि ते इथून चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट लागते, मुलांनाही अर्धे धरू. तरी जाण्यायेण्यात एका माणसाची आठवड्याहून जास्त मजुरी संपते. मुक्काम, जेवण, पडलेले खाडे आणि खुद्द उद्यानाचे प्रवेशशुल्क अजून मोजलेलेच नाही. खोपोलीला जाऊन आलेल्या कुटुंबाला आपण ‘सहलीला गेले होते’ म्हणता, आणि गावच्या पाळण्यात बसलेल्याला ‘पैसे उडवले’ म्हणता. हा फरक कोणत्या खात्यावर टाकायचा?

माझे म्हणणे इतकेच आहे की त्या ५० रुपयांत आम्ही फिरण्याची किंमत देत नाही, फिरावे लागत नाही याची देतो. प्रवास यंत्र करते, माणूस घराजवळ राहतो. शहराजवळच्या माणसाला करमणूक म्हणजे तिकिटाचा दर. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला करमणूक म्हणजे आधी वाहन, मग दिवस आणि शेवटी तिकीट. पाळणेवाला यातले पहिले दोन खर्च स्वतःच्या अंगावर घेतो आणि तिसऱ्यात वसूल करतो. तो लुटतो असे वाटत असेल, तर अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरून लोखंडाने भरलेला ट्रक एकदा आणून पाहावा. (त्या रस्त्यावरचे हेलकावे विनातिकीट मिळतात, ही सोय वेगळी.)

हे तत्त्व आमच्या डोक्यातून निघालेले नाही. त्याला परदेशी दाखला आहे, म्हणजे आपल्यालाही मान्य व्हायला हरकत नसावी. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने २६४ फूट उंचीचा पाळणा उभारला. छत्तीस डबे, प्रत्येकात साठ माणसे. तिकीट ५० सेंट, आणि संपूर्ण प्रदर्शनाचे प्रवेशशुल्कही ५० सेंटच. म्हणजे जगभरची कला, यंत्रे आणि विद्या एका पारड्यात, आणि पाळण्याचे दोन फेरे दुसऱ्यात! तरी साडेचौदा लाखांच्या आसपास लोकांनी पैसे मोजले. पुढे काय झाले ते पाहा. प्रदर्शन संपले, अवाढव्य चाक जागचे हलेना, मालकाचे दिवाळे निघत आले आणि फेरिस १८९६ साली वारला. चाक आधी शिकागोतच दुसरीकडे आणि मग १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनासाठी मोठ्या खटाटोपाने हलवले, पण १९०६ साली ते सुरुंग लावून पाडावे लागले. दरम्यान फेरिसच्या पाळण्यात बसून गेलेल्या विल्यम सलिव्हन नावाच्या पूल बांधणाऱ्याने १९०० साली सुटा करून दुसऱ्या गावी नेता येईल असा लहान पाळणा बनवला, आणि त्याने काढलेली कंपनी एकविसाव्या शतकातही पाळणे बनवत राहिली. जागेवर बसलेला राक्षस भंगारात गेला. गावोगाव जाणारा लहानगा तगला. ग्राहक कशाचे पैसे देतो, हे त्यातून स्पष्ट दिसते.

आता मालकाच्या खिशात किती उरते तेही पाहू, कारण ‘यात्रेत लुटतात’ हे आपले दुसरे वाक्य आहे. यात्रा चालते मोजके दिवस. त्या दिवसांच्या गल्ल्यावर ट्रकभाडे, जागाभाडे, जनरेटरचे डिझेल, जोडणी करणारी माणसे आणि पावसाळ्यात गंजत पडलेल्या लोखंडाची देखभाल भागवायची असते. अवकाळी पाऊस आला की दिवस गेला. २०२० साली करोनाने यात्राच बंद पडल्या, तेव्हा पाळणे उभे राहिले नाहीत, पण कर्जाचे व्याज थांबले नव्हते. सरकारच्या मते मात्र हा चैनीचाच धंदा. १ जुलै २०१७ ला, म्हणजे आमच्या नंदुरबार जिल्ह्याच्या एकोणिसाव्या वाढदिवशी, जीएसटी आला तेव्हा झोके-पाळण्यांवर २८ टक्के लागला. २५ जानेवारी २०१८ पासून तो १८ टक्क्यांवर आला. सर्कशीचे तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर करमुक्त! थोडक्यात, दुसऱ्याला लटकताना पाहणे ही कला आणि स्वतः लटकणे ही चैन. लहान उलाढालीचे पाळणेवाले नोंदणीच्या मर्यादेखाली राहतात म्हणून बरे.

आपला सर्वांत वजनदार आक्षेप आता घेतो. दिवाळीनंतर अक्कलकुवा-धडगावची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, उचल घेऊन कोयता चालवतात, उसाच्या फडाशेजारी झोपड्यांत राहतात आणि होळीला परततात. असा घामाचा पैसा पाळण्यात घालवणे पाप नव्हे काय? आक्षेपामागची कळकळ खरी असेल, पण ती येते फार उशिरा. उचल ठरते तेव्हा, टनाचा दर ठरतो तेव्हा आणि मुलांची शाळा सुटते तेव्हा ही कळकळ कुठे असते? ती नेमकी तिकीटखिडकीपाशी जागी होते. २०१८ पासून आमचा जिल्हा सरकारी यादीत ‘आकांक्षित’ आहे. आरोग्य, शिक्षण, शेती, बँक खाती आणि रस्ते-वीज यांत आम्ही किती मागे आहोत हे नेमाने मोजले जाते, आणि ते योग्यच आहे. पण वर्षभर काम केलेल्या माणसाला एका संध्याकाळची मौज मिळाली की नाही, याचा रकाना त्या तक्त्यात नाही. गरिबाने पैसा फक्त गरजेवर खर्चावा, हा नियम आपण स्वतःच्या घरी लावून पाहिला तर हॉटेले, मल्टिप्लेक्स आणि लग्नाचे हॉल एका महिन्यात बंद पडतील. सारंगखेड्याच्या त्याच यात्रेत लाखो रुपयांना घोडे विकले जातात; त्याच्या बातम्या फोटोसह छापून येतात आणि त्याला परंपरा म्हणतात. तिथेच पर्यटनवाल्यांनी चेतक फेस्टिव्हल भरवला, पाहुण्यांसाठी तंबूंचे नगर उभे केले. त्याचे नाव विकास. पन्नास रुपयांचा पाळणा तेवढा उधळपट्टी.

मोबाइलवर सगळे फुकट मिळते, हेही आपण सांगता. महिन्याचे रिचार्ज भरल्यावर मिळते, एवढी दुरुस्ती करतो. शिवाय डोंगरातल्या पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते. त्या मानाने पाळण्याने वर नेलेले स्वस्त पडते. राहिला संस्कृतीचा मुद्दा. काठी गावची राजवाडी होळी, अंगावर राख आणि रंगाचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू बांधून पहाटेपर्यंत नाचणारे नवसकरी, हे सारे पाळण्याच्या दिव्यांनी बुडेल अशी भीती आपल्याला वाटते. त्या होळीला तिकीट नाही आणि ती पाहुण्यांसाठी चालत नाही, म्हणून तिला पाळण्याची स्पर्धाही नाही. ज्याने नवस पाळला तो नाचतोच. त्याच्या पोराने आधल्या आठवड्यात भोंगऱ्यात पाळण्याला हात केला म्हणून देव रागावल्याचे ऐकिवात नाही. पाळणा ही परकी वस्तू आहे म्हणावे, तर हाताने ढकलायचे लाकडी पाळणे पीटर मंडी या प्रवाशाने १६२० च्या सुमारास तुर्की मुलखातल्या उत्सवात पाहून लिहून ठेवले आहेत. वीज आणि इंजिन येण्यापूर्वीही माणसाला उंचावरून खाली यायची हौस होती.

एका ठिकाणी मात्र मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. रिंग टाकून साबण, घड्याळ किंवा शंभराची नोट जिंकण्याचे दुकान, आणि वाकड्या नळीच्या बंदुकीने फुगे फोडण्याचे दुकान, यांत पैसा वसूल होत नाही. रिंग वस्तूपेक्षा जेमतेम मोठी असते, आणि ती नेमकी आडवी बसली तरच वस्तू आपली. पाळण्याचा सौदा उघड आहे, दर पाटीवर आणि चाक डोळ्यांसमोर. इथे शक्यता झाकून ठेवलेली असते. तरी हरणारा वीस-तीस रुपये हरतो आणि हसत निघून जातो. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांत लोक इतके बुडाले की २०२५ साली संसदेला त्यांवर बंदीचा कायदा करावा लागला. तेव्हा प्रमाण राखून रागवावे.

आणि आता ज्या बाबीबद्दल आपण कधीच बोलत नाही ती. पाळण्यात पैसा जातो यापेक्षा जीव जाऊ शकतो, ही गोष्ट मोठी. १४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरिया तलावाशी झुलणारे यंत्र तुटून दोघे गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या मेळ्यात उंच झोका माणसांसकट खाली आदळला. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेमझोनला आग लागून २७ जण मेले. यांतली दोन ठिकाणे कायमची होती, फिरती नव्हती; म्हणून ‘फिरता म्हणजे धोक्याचा, पक्का म्हणजे सुरक्षित’ असे म्हणता येत नाही. पण फिरत्या पाळण्याची एक अडचण त्याच्या गुणातूनच येते. तो प्रत्येक मुक्कामी सुटा होतो आणि पुन्हा जोडला जातो. प्रत्येक जोडणीत बोल्ट नव्याने कसले जातात, पाया नव्या मातीवर बसतो, वायर नव्याने ओढली जाते. म्हणून सारंगखेड्यात घेतलेला तपासणीचा दाखला पुढच्या गावच्या जोडणीबद्दल काहीच सांगत नाही. तपासणी मुक्कामागणिक हवी, रात्री जनरेटरवर पूर्ण भार असताना हवी, आणि पाळण्यात बसणाऱ्या बाईची ओढणी व मोकळे केस आवरायला सांगणारा माणूस खाली उभा हवा. ५० रुपये वसूल होतात हे माझे सगळे विवेचन या एका अटीवर उभे आहे. ती पाळली नसेल तर तिकीट ५ रुपयांचे असले तरी महाग.

यावर ‘मग पाळणे बंदच करा’ असे आपण घाईने म्हणाल. तसे केले तर हौस बंद होत नाही. ती जीपच्या टपावर बसून दुसऱ्या तालुक्यातल्या यात्रेला जाते, आणि घाटातल्या त्या जीपला कोणी दाखला विचारत नाही. शिवाय बंदीने सगळ्यांत आधी तो मालक उठतो जो नियमाने चालतो. रातोरात जोडून पहाटे पसार होणारा टिकतो.

तेव्हा एक विनंती करून पत्र आवरतो. पुढच्या यात्रेत आपण याच, वही घेऊन या. तिकिटाचा दर लिहून झाला की खिडकीवर दुसरा प्रश्न विचारा: या गावात, या जोडणीनंतर तपासणी कोणी केली, कोणत्या तारखेला, आणि तो दाखला पाटीवर का लावलेला नाही? विद्युत निरीक्षकाच्या दाखल्याचेही तसेच विचारा. उत्तर मिळाले नाही तर ओरडा करा, तहसीलला लेखी अर्ज द्या. आम्ही खाली सही करू. उत्तर नीट मिळाले, तर बाजूला व्हा आणि मागच्या पोरांना रांगेत पुढे येऊ द्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रांगेतला एक