राखेचा बुधवार, शीळफाट्यावर

शीळफाट्यावर कपाळाला राख फासून घ्यायला राखेच्या बुधवारची वाट पाहावी लागत नाही. कल्याण, मुंब्रा, पनवेल आणि महापे अशा चारी वाटांची वाहनं इथे एकमेकांना अडवून उभी असतात, डंपर धूळ उधळतात आणि डोंबिवली-वाशी बसच्या खिडकीतला कुठल्याही धर्माचा माणूस महापे येईतो भस्मधारी होतो. म्हणूनच त्या बुधवारी मावशींच्या कपाळावरचा करडा क्रूस पाहून शेजारणीने आपुलकीने रुमाल पुढे केला. "राहू दे गं," मावशी हसल्या, "फादरांनी मुद्दाम लावलीय." मावशी मूळच्या सोपाऱ्याच्या, नोकरी नव्या मुंबईतल्या इस्पितळात. पहाटेची मिस्सा करून ड्युटीवर निघालेल्या. ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात त्यांचा चहा बिनसाखरेचा. पण वॉर्डात दुसऱ्यांचा चहा त्या करतात तेव्हा साखर सैल हाताने पडते, स्वतःच्या वाट्याची कुठेतरी जिरवायलाच हवी ना.

बस हलण्याचं चिन्ह दिसेना, तेव्हा मी त्यांना आपल्या ठाण्याचीच एक जुनी गोष्ट सांगितली. १३२१ साली तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन फ्रान्सिस्कन सोबती चीनच्या वाटेने निघाले होते. जहाजाने त्यांना आणून सोडलं ठाण्याला. (इच्छित स्थळी न पोहोचण्याची या परिसराची परंपरा तशी प्राचीन आहे.) इथल्या एका ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना घरात ठेवून घेतलं. त्या घरात नवराबायकोचं भांडण झालं, नवऱ्याने हात उगारला आणि बायको थेट काजीकडे गेली. साक्षीदार कोण, तर घरी उतरलेले परदेशी पाहुणे! त्यांना बोलावणं गेलं. बोलता बोलता संसाराची तक्रार बाजूला पडून धर्माचा वाद उभा राहिला. जीव वाचवण्यापुरतं गोलमाल बोलणं चौघांनाही जमलं नाही. त्या एप्रिलमध्ये त्यांना ठार मारलं. ज्या मलिकाच्या, म्हणजे इथल्या अधिकाऱ्याच्या, हुकमाने हे घडलं, त्याला पुढे दिल्लीच्या सुलतानाने देहदंड दिला, असं ओडोरिक हा प्रवासी लिहितो.

जॉर्डन नावाच्या आणखी एका सोबत्याने ते देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. काही वर्षांनी ओडोरिक आला आणि अस्थी घेऊन चीनला निघाला. भर समुद्रात वारा पडला. प्रत्येकाचं आपापल्या देवाला साकडं घालून झालं. मग खलाशांची नजर त्या गाठोड्यावर गेली. ओडोरिकने गुपचूप एक हाड पाण्यात टाकायला लावलं, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे लगेच वारा सुटला. जिवंतपणी जे चीनला पोहोचले नाहीत, ते असे हप्त्याहप्त्याने का होईना, पोहोचले. मला या गोष्टीतलं ते हाड फार आवडतं. हुतात्म्याचं झालं तरी वाहतूक मोकळी करायला उपयोगी पडलं.

मावशींना हाडाचं काही वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि मार खाल्लेल्या त्या बाईचं पुढे काय झालं?"

ते ओडोरिकने लिहिलेलं नाही, मी म्हटलं. नावसुद्धा नाही.

मावशींनी पर्समधून छोटी डायरी काढली. नोव्हेंबरात मृतांसाठी मिस्सा होतात, त्यांच्यासाठी नावांची यादी त्या वर्षभर लिहीत असतात. वडील, सासूबाई, वॉर्डात गेलेले दोघं-तिघं कुणाचे कोण. त्यांच्याखाली त्यांनी बसच्या हिसक्यांत लिहिलं, 'ठाण्याची बाई'.

"फादर विचारतील, कोण ही?"

"सांगेन," मावशी म्हणाल्या, "आमच्याकडचीच."