सर आणि त्यांचे त्रिकोण

भूमिती शिकवून निवृत्त झालेला माणूस ओळखायला कष्ट पडत नाहीत. त्याच्यासमोर समोशाची बशी ठेवावी. बाकीचे पाहुणे चटणी शोधतात, सर समोसा फिरवून बघतात. "समद्विभुज वाटतोय," म्हणतात आणि लगेच स्वतःलाच दटावतात, "वाटतोय म्हणजे काय? मोजल्याशिवाय नाव ठेवायचं नाही!"

सरांच्या जगात मुख्य जाती सात. बाजूंवरून समभुज, समद्विभुज, विषमभुज. कोनांवरून लघुकोन, काटकोन, विशालकोन. तीन त्रिक नऊ व्हायला हवेत. पण समभुजाचा प्रत्येक कोन 60 अंशांचा, त्यामुळे बिचाऱ्याच्या नशिबी ना काटकोन, ना विशालकोन. दोन गळाले. हे सांगताना सरांचा आवाज अजून कापरा होतो.

हल्लीची पुस्तकं समभुजालाही समद्विभुजात धरतात. युक्लिडने मात्र समद्विभुजाला दोनच बाजू सारख्या दिल्या होत्या. यावरून शिक्षकखोलीत दोन तट पडले, तेव्हा सर अर्थातच युक्लिडच्या बाजूने. नवं मानलं तर सातांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, आणि तोही निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना!

परीक्षेत त्यांचा एक लाडका प्रश्न असे : बाजू 5, 6 आणि 12 सेंमी, त्रिकोणाचा प्रकार सांगा. वर्ग एका सुरात 'विषमभुज' लिही. सर आनंदाने शून्य देत. पाच नि सहा अकरा. बारा सेंमीच्या पायावर ती टोकं भेटणारच नाहीत, तर प्रकार कुणाचा सांगता? आरोग्य केंद्राच्या भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाकडे गाव लाजून बघे. सर त्याच्या तीन बाजू वितीने मोजत.

निवृत्तीनंतर त्यांना शेजाऱ्यांची बांधकामं सापडली. गवंडी दोरी लावून मोकळा झाला की सर टेप मागतात. कोपऱ्यापासून एका भिंतीवर 3 फुटांची खूण, दुसरीवर 4 फुटांची, मग तिरकं माप. ते बरोबर 5 भरलं तर काटकोन, कमी भरलं तर लघुकोन. परवा दोन इंच जास्त भरलं.

"विशालकोन! चांगला 94 अंशांचा."

"प्लास्टरमध्ये झाकून जाईल, सर."

"कोन झाकतो, बदलत नाही. उद्या कपाट लावाल तेव्हा मागे झुरळांची चाळ वसेल."

गवंडी पुटपुटला, पण दोरी सोडली. घरमालकीणबाईंनी सरांना दुसरा चहा दिला.

तुम्ही घर बांधायला काढलं असेल तर जोत्याची आखणी चालू असतानाच असे एखादे सर गाठा. मजुरी घेत नाहीत. टेप मात्र तुमचा ठेवा. सर येताना दिसले की गवंडी आपला लपवतो.