कार्बनशेठ

पालीतून राजगडावर निघालेल्या ट्रेकरला पाली दरवाज्याच्या पायऱ्या लागण्याआधी कार्बनशेठ लागतो. पिठलं-भाकरीचं ताट पुढं ठेवता ठेवता विचारतो, "पुण्यास्नं गाडीनं आला न्हवं? धूर किती केला?" पाहुणा गडबडला की मोबाइलवर हिशेब, आणि बिलात भाकरीखाली दहा रुपये 'ऐच्छिक'. न देणारा अजून कुणी भेटलेला नाही, कारण शेठ ताटाजवळून हलत नाही.

गावानं त्याचे सगळे अवतार पाहिलेत. आधी धरणालगतचे गुंठे, मग चंदनाची रोपं, मग क्रिप्टो. क्रिप्टोत म्हैस गेली, पण भाषा उरली. आता डोंगरउतारावरच्या ऐन-हिरड्याचं टोकन काढायचं त्यानं घेतलंय.

समजावतो मात्र झकास. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड खातं. एक टन खाल्ला, की एक क्रेडिट. कंपनी ते आपखुशीनं विकत घेते, स्वतःच्या धुरापुढं मांडते आणि मग ते क्रेडिट बाद. तोच टन कुणी दोघांना विकू नये म्हणून ब्लॉकचेन: एकच खातेवही असंख्य संगणकांवर, खाडाखोडीला जागा नाही. त्या वहीतली क्रेडिटची नोंद म्हणजे टोकन. "चहा पाजून फेरफार होत न्हाई हितं!" कुणी शंका काढली की तो एटापल्ली काढतो. गडचिरोलीतल्या त्या तालुक्यात 2022 मध्ये 65,000 जातीचे दाखले पॉलिगॉन ब्लॉकचेनवर घ्यायचं ठरलं, हे त्याला तोंडपाठ. नंतर कार्बन क्रेडिटांवर टोकन काढणारा क्लायमा डाओ. ऑक्टोबर 2021, एका टोकनला तीन हजार डॉलरच्या वर भाव!

इथं त्याला हमखास फोन येतो. त्यामुळे वर्षाच्या आत तो भाव काही डॉलरवर आला, आणि व्हेरा या अमेरिकी नोंदणी संस्थेनं मे 2022 मध्ये बाद क्रेडिटांवर टोकनं काढायला बंदी केली, एवढं सांगायचं राहून जातं. त्या टोकनांमागची बरीच क्रेडिटं जुनी, गिऱ्हाईक नसलेली होती. वही चोख, माल शिळा.

शेठचा माल तर अजून सातबाऱ्यातच अडकलाय. वेल्हे तालुक्याचं नाव बदलून राजगड झालं, पण उताऱ्यावर त्याचे आजोबा हयात आहेत. शिवाय चुलते, आत्या, मुंबईला गेलेले भाऊबंद. सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत ऐनाची दुसरी पिढी उभी राहील.

तरी परवा तो चुलत आजीकडं अंगठ्यासाठी गेलाच. आजी राबाची तयारी करत होती. भाताची रोपं टाकायच्या आधी झाडांची टहाळं तोडायची, वाळवायची, वाफ्यावर पसरून भाजायची. मावळात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

"आजे, आता फांदी तोडायची न्हाई. झाड विकलंय."

"मग राब कशानं भाजू?"

"तोडलंस तरी वहीत झाड उभंच ऱ्हाणार. तिथं कुणाला खोडता येत न्हाई!"

"मग वहीतलीच चार टहाळं दे की काढून."

शेठ क्षणभर गप्प झाला. घाबरला असेल असं मला वाटलं, पण त्याचे डोळे चमकले. "आजे, राख करायचीच न्हाई! कमी हवेत जाळून कोळसा करायचा नि शेतात गाडायचा. बायोचार! त्याच्या क्रेडिटला झाडापेक्षा कितीतरी जास्त भाव हाय. पत्र्याचं पिंप हाय का गं घरात?"