तीन शिफ्ट चाललेलं कार्ड

गुरुवार हा आमच्याकडचा रविवार. भोसरीच्या एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी, त्यामुळे दळण, केस कापणं, सासुरवाडी असं जे काही आठवडाभर तुंबलेलं असेल ते सगळं गुरुवारी. अशाच एका गुरुवारी चहा पिता पिता चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, दहा-साठ घेऊ की पाच-ऐंशी?"

मला वाटलं, बेअरिंगचे नंबर. मी एका लहानशा कारखान्यात आधी फिटर होतो, आता पर्चेसला आहे. बासष्ट-शून्य-पाच म्हटलं की झोपेतसुद्धा मला पंचवीसचा बोअर दिसतो. पण ही निघाली ग्राफिक्स कार्डं, कॉम्प्युटरच्या पोटात बसून पडद्यावरची चित्रं काढणारी. एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० जुलै २०१६ मध्ये आलं, एएमडीचं आरएक्स ५८० एप्रिल २०१७ मध्ये. तेव्हा आमचा हा ग्राहक तिसरी-चौथीत होता. आता तो डिप्लोमाला आहे आणि त्याचं बजेट सहा हजार आहे. एवढ्यात खेळांसाठी नवं काही धड मिळत नाही, हे त्याने मला दोन मिनिटांत पटवलं. सेल्समध्ये नाव काढेल पोरगा.

मग पर्चेसवाल्याने जे करायचं तेच मी केलं. कागदावर रेघा मारून कम्पॅरेटिव्ह काढायला घेतलं. डावीकडे बाबी, मध्ये दोन वेंडर, उजवीकडे शेरा.

पहिली बाब ताकद. कागदावर ५८० सहा टेराफ्लॉप्सच्या वर, १०६० साडेचारच्या आत. मी ५८० वर खूण करणार, तोच चिरंजीव म्हणाले, "थांबा. खेळात दोन्ही जवळजवळ बरोबरीने पळतात. डायरेक्टएक्स ११ च्या जुन्या खेळांत बऱ्याचदा १०६० पुढे, नंतरच्या डायरेक्टएक्स १२ आणि वल्कनच्या खेळांत ५८० पुढे." हे मला सांगायला नको होतं. वीस हॉर्सपॉवरची मशीन घ्यावी आणि जॉब लावायलाच दहा मिनिटं जावीत, असल्या मशीनशेजारी माझी निम्मी नोकरी गेली आहे.

दुसरी बाब वेग. सेकंदाला साठ चित्रं आली की खेळ गुळगुळीत चालतो म्हणे. म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद. "अरे, हा तर सायकल टाइम!" मी म्हणालो. चाकणमध्ये अर्धं गाव सायकल टाइमवर जगतं. पुढे कळलं की सरासरी साठ असूनही खेळ अडखळू शकतो, कारण मधेच एखादं चित्र पन्नास मिलिसेकंद खातं. हेही ओळखीचंच. शिफ्ट रिपोर्टवर टार्गेट पूर्ण असतं, लाइन दोनदा थांबली होती हे लाइनवरच्यालाच माहीत. चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेल्या माणसाला पुणे-नाशिक रस्त्यावरचा सरासरी वेग सांगून बघा.

इथे मेमरीचा प्रश्न येतो. १०६० ला ६ जीबी, ५८० ला ८. नवे खेळ बोजड. सहाची मेमरी भरली की उरलेला माल कॉम्प्युटरच्या दूरच्या गोदामातून आणावा लागतो आणि तेवढा वेळ चित्र खोळंबतं. शेरा : '५८० चं स्टोअर मोठं.'

तिसरी बाब वीज. १०६० चं रेटिंग १२० वॉट, ५८० चं १८५. फरक ६५ वॉटचा. रोज चार तास खेळला तर महिन्याला आठेक युनिटं. हे मी जरा मोठ्याने वाचलं. आतून आवाज आला, "तुमचा गीझर चालू राहतो, त्याचंही एक कम्पॅरेटिव्ह काढा." शेरा कोरा ठेवला.

चौथी बाब ऐकून मात्र माझ्यातला पर्चेसवाला ताठ बसला. १०६० नावाचंच आणखी एक कार्ड आहे, ३ जीबीचं. त्यात मेमरी तर निम्मी आहेच, पण आतले कोअरही १२८० ऐवजी ११५२. आणि ५८० नावाचंच एक '२०४८एसपी' म्हणून फिरतं, ज्यात २३०४ ऐवजी २०४८. आमच्याकडे एखाद्या वेंडरने त्याच पार्ट नंबरवर दुसरा माल पाठवला, तर गाडी गेटवरून परत जाते. इथे खुद्द कंपन्यांनीच ते केलेलं. चिरंजीवांनी मोबाइलवर एक छोटंसं सॉफ्टवेअर दाखवलं, कार्डाच्या पोटात खरं काय आहे ते सांगणारं. म्हणजे इनवर्ड इन्स्पेक्शनची सोय होती.

पाचवी बाब सेवा. २०२५ च्या ऑक्टोबरनंतर १०६० च्या पिढीला नव्या खेळांचे ड्रायव्हर बंद, फक्त सुरक्षेचे अपडेट चालू. ५८० च्या पिढीचा ओघ एएमडीने २०२३ पासूनच बारीक केलेला. थोडक्यात, दोघांनीही व्हीआरएस घेतलेली. पिंपरी-चिंचवडमध्ये व्हीआरएस म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गेटवर कामाला उभा असतो.

आणि मग ५८० समोरच्या शेऱ्यात चिरंजीवांनी स्वतः एकच शब्द लिहिला : 'मायनिंग.'

ही कार्डं डझनांनी घेऊन लोकांनी इथेरियम नावाचं आभासी नाणं पाडायला बसवली होती, रात्रंदिवस. २०२१ मध्ये तर अशी टंचाई झाली की २२९ डॉलरला बाजारात आलेलं ५८० चार वर्षं वापरून झाल्यावर त्याहून महाग विकलं जात होतं. जुनी वस्तू नव्याहून महाग? चिरंजीवांना नवल वाटलं, मला नाही. आकुर्डीत बजाजची चेतक १९७२ पासून बनत होती, तरी गाव आकुर्डीचं असो की अकोल्याचं, नंबर लागायला वर्षं जात. वडिलांनी शेवटी जुनी घेतली, शोरूमच्या भावापेक्षा जास्त पैसे मोजून. शोरूममध्ये किंमत होती पण गाडी नव्हती, आणि ही दारात उभी होती. तिला त्यांनी इतकं पुसलं की आम्हां भावंडांपेक्षा तीच जास्त चकचकीत असायची.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली आणि कार्डांचं ते काम एका दिवसात संपलं. त्या वर्षीच्या गणपती विसर्जनाला आठवडाही झाला नव्हता. मग ती सगळी कार्डं बाजारात आली. तेव्हापासून जुनं कार्ड विकणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य म्हणतो, "मायनिंगला वापरलेलं नाही." जुन्या गाडीच्या जाहिरातीत ती कायम एका डॉक्टरनेच चालवलेली असते, तसं.

पण माझं मत जरा वेगळं होतं. भट्टी सतत तापलेली असली तर टिकते. रोज विझवून रोज पेटवली की आतल्या विटांना तडे जातात. कार्डाचंही तेच. खेळणारा रोज तापवतो, रोज थंड करतो, आणि प्रत्येक वेळी सोल्डरचे जोड ताणले जातात. मायनिंगवालं तापतं खरं, पण एकाच तापमानाला राहतं, आणि वीज वाचवायची म्हणून मालक बहुतेकदा त्याला आवळूनच चालवतो. झिजतात ते पंखे, सुकते ती पेस्ट. तीन शिफ्ट चाललेली मशीन मी कधी नाकारत नाही. तिला तेल कोण घालत होतं, एवढंच विचारतो.

तर तेल घालणारे बघायला आम्ही निघालो.

१०६० वाकडला होतं, अकराव्या मजल्यावर. विकणारे गृहस्थ फार सभ्य. "काका, फक्त शनिवार-रविवार खेळायचो. उघडलंसुद्धा नाही कधी." कार्ड दागिन्यासारखं चमकत होतं. मी चष्मा वर करून उलटं धरलं. चिपच्या मागे चार स्क्रू असतात. तिघांची डोकी शाबूत, चौथ्याची फुल्ली घासून गोल झालेली. चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर जोर लावून फिरवला की फुल्लीचं असंच होतं. मी काही बोललो नाही. चहा चांगला होता.

५८० चाकणला, खराबवाडीत, तिघांत मिळून घेतलेल्या एका खोलीत. मुलगा रात्रपाळी करून उठलेला, डोळे लाल. माझ्या हातात कार्ड देतानाच म्हणाला, "काका, मायनिंगला होतं. दीड वर्ष, चोवीस तास. मी घेतलं ते तसंच." कार्ड दिसायला ओबडधोबड, एका कडेला धूळ बसून काळपट झालेलं. पण पाठीवर वहीच्या कागदाची पट्टी चिकटवलेली आणि तिच्यावर बारीक अक्षरात ओळी : कधी पेस्ट बदलली, कधी पंखे बदलले, कधी मूळ बायोस परत टाकलं. प्रत्येक ओळीपुढे तारीख.

शॉपवर प्रत्येक मशीनला असं एक हिस्टरी कार्ड असतं. ऑडिटच्या आदल्या रात्री ते एका बैठकीत, एकाच पेनने भरलं जातं, हे मी स्वतः भरलेलं असल्यामुळे खात्रीने सांगतो. इथे तीन ओळींना तीन पेनं होती. चिरंजीवांनी कोअर मोजले, २३०४ भरले. मी पैसे मोजले, साडेपाच हजार भरले.

घरी आल्यावर कळलं की आमच्या जुन्या, कुठल्याशा लोकल पॉवर सप्लायला आठ पिनांची तारच नाही. ५८० ला ५०० वॉटचा सप्लाय लागतो, १०६० ला ४०० चालला असता. म्हणजे नवा सप्लाय आला. इतकी वर्षं मी सगळ्यांना बजावत आलो की कोटेशन बघू नका, लँडेड कॉस्ट बघा. आणि माझ्याच कम्पॅरेटिव्हमध्ये ती ओळ नव्हती. बजेटचं काय झालं, ते आतून दोनदा विचारून झालं आहे.

पुढच्या गुरुवारी दुरुस्तीसाठी घराची वीज गेलेली. ती संध्याकाळी आली. चिरंजीवांनी गाड्यांची शर्यत लावली. मी उठून हत्यारांच्या पेटीतून लांब स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक कॅबिनेटच्या पत्र्यावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बेअरिंग असंच ऐकतात.

"बाबा, पडद्यावर बघा ना!"

"थांब जरा."

पंखे एका सुरात फिरत होते. खरखर नाही. शर्यत संपल्यावर त्याला मशीन बंद करायला लावली, कार्ड काढायला लावलं, आणि त्या पट्टीवर खाली उरलेल्या जागेत, चौथ्या पेनने, तारीख घालून लिहिलं : 'सप्लाय नवा. पंखे ऐकले. ठीक.'