माणूस तोच, जॉब चार्ट नवा

मा. आस्थापनाप्रमुख यांस,


आपल्या महामंडळाच्या नव्या परिपत्रकाबद्दल अभिनंदन. टेबलावर बसून बिले तपासणाऱ्या लिपिकाच्या कामांत आपण फिरती, गोदामातली मोजदाद आणि जिने चढून करायची पाहणी घातलीत. मग पायाने अधू असलेल्या त्याच लिपिकाला वैद्यकीय मंडळापुढे उभे केलेत. मंडळाने कळवले, नेमून दिलेल्या कामास असमर्थ; आणि आपण सेवासमाप्तीची टिपणी लिहिलीत. कालपर्यंत त्याचे गोपनीय अहवाल आपणच ‘उत्कृष्ट’ म्हणून लिहीत होतात आणि पाय तर तेव्हाही असाच होता. बदलला तो कागद. तपासणीला खरे तर परिपत्रकच पाठवायला हवे होते.

कामे बदलण्याचा अधिकार आपला, हे मान्य. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ तो काढून घेत नाही. पण वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव, असे तो व्याख्येतच म्हणतो. ही सोय म्हणजे माणसाला काम करता यावे म्हणून केलेले फेरफार. आपण फेरफार केलेत, फक्त त्याला काम करता येऊ नये असे. कलम २०(४) सांगते की सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला शासकीय आस्थापनेने काढू नये. जुने पद झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर न्यावे, तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांबाहेरच्या, पदावर ठेवावे. १९९५ च्या कायद्यात कलम ४७ हेच म्हणत होते. पाय गमावलेल्या एका शिपायाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते बंधनकारक ठरवले. आपण म्हणाल, आमच्या लिपिकाचे अपंगत्व नोकरीआधीचे, त्याला हे कलम लागतेच कुठे? युक्तिवाद झकास आहे. म्हणजे काम थांबलेल्याला संरक्षण आणि काम नीट चाललेल्याला घरचा रस्ता! पण वाजवी सोय देण्याची सक्ती कलम २०(२) मध्ये आहे आणि तिथे अपंगत्व कधी आले हे कोणी विचारलेले नाही.

अवाजवी बोजाचा अपवाद कायद्यात आहे, तो असायलाही हवा. मात्र बोजा दाखवून द्यावा लागतो. फिरती शेजारच्या टेबलाकडे देऊन तिथली बिले इकडे आणण्यास किती निधी लागेल? सहकारी कुरकुरतील, ही भीती खोटी नाही. पण फिरती दिली आणि बदल्यात काहीच घेतले नाही, तर दोष वाटणी करणाऱ्याचा. तेलंगणच्या परिवहन महामंडळाने रंगांधळा ठरलेल्या चालकाला निवृत्त केले, तेव्हा २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामंडळालाच सुनावले : पर्यायी काम शोधणे तुमच्याकडे. (खासगी कंपन्यांनी फार खूश होऊ नये. कलम २०(४) त्यांच्यापर्यंत जात नसले, तरी समान संधी धोरण जाहीर करणे त्यांनाही चुकलेले नाही.)

तेव्हा विनंती एवढीच की सेवासमाप्तीच्या टिपणीत एक रकाना वाढवावा : कोणकोणती पदे पाहिली आणि त्यातले प्रत्येक का नाकारले. सध्या त्या जागी फक्त आपली सही आहे.

कळावे.