प्रलयकाळी पाळावयाचे नियम: सिंधुदुर्ग जिल्ह्यापुरते

पुराणांनी प्रलयाचे नित्य, नैमित्तिक, प्राकृतिक आणि आत्यंतिक असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी नैमित्तिक प्रलय, म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस संपून तो झोपी गेल्यावर होणारा सृष्टीचा लय, 432 कोटी वर्षांचा तो दिवस संपल्यावरच घडत असल्यामुळे त्यासाठी तातडीची ग्रामसभा बोलावण्याचे कारण नाही. याउलट नित्य प्रलय, म्हणजे जीवमात्राचा रोज चालणारा क्षय, सिंधुदुर्ग जिल्ह्यात मृगाच्या पहिल्या सरीबरोबर वीज जाते त्या क्षणी सुरू होतो आणि नवरात्राच्या आसपास आटोपतो, ही गोष्ट शास्त्रकारांनी नोंदवलेली नसली तरी सर्वमान्य आहे. जगबुडीची मार्गदर्शके लिहिणाऱ्या पाश्चात्त्य पंडितांनी अलीकडे प्रलयाच्या या प्रकारांत उल्कापात, चालती प्रेते आणि बंडखोर यंत्रे यांची भर घातल्यामुळे, मालवण किनाऱ्यावरील मनुष्याने या नव्या प्रकारांत कसे वागावे याचा विचार करणे क्रमप्राप्त ठरते.

आकाशातून येणाऱ्या संकटांविषयी फार लिहावे असे काही नाही. फेब्रुवारी 1962 मध्ये अष्टग्रही, म्हणजे आठ ग्रह एकाच राशीत येण्याचा योग, जुळून आली तेव्हा जग बुडणार म्हणून देशभर होमहवने झाली; 11 जुलै 1979 रोजी स्कायलॅब ही अमेरिकन अंतराळ प्रयोगशाळा डोक्यावर पडणार म्हणून धास्ती पसरली आणि तिचे तुकडे ऑस्ट्रेलियात पडले; 21 डिसेंबर 2012 या दिवशी तर माया लोकांच्या पंचांगाचा हवाला देऊन वाहिन्यांनी जग बुडवून दाखवले. तेव्हा या वर्गातील प्रलयाची तारीख पुन्हा जाहीर झाल्यास दुसऱ्या दिवशीचे मासे आदल्या दिवशीच सांगून ठेवावेत, म्हणजे ऐनवेळी भाव चढलेला नसतो.

मेलेली माणसे उठून जिवंतांच्या मागे लागतील या प्रकाराची पाश्चात्त्यांना विशेष भीती वाटते, कारण त्यांच्या गावांना राखणदार नाहीत. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या श्री देव वेतोबाला भाविक केळ्यांचे घड आणि कोणाही माणसाच्या पायात बसणार नाहीत एवढ्या मोठ्या चामडी चपला अर्पण करतात. देव रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो आणि त्यामुळे त्या चपलांचे तळ झिजतात, अशी श्रद्धा आहे. हजेरीपटावर सही करून झोपी जाणाऱ्या रखवालदारापेक्षा ज्याच्या फेऱ्यांचा पुरावा तळव्यांवर उमटतो असा पहारेकरी अधिक भरवशाचा मानावा लागतो. शिवाय शिवेवर देवचार, म्हणजे शीव राखणारे दैवत, असतो, आणि न विचारता शीव ओलांडणाऱ्या परक्या प्रेताला त्याच्यापुढे कोणते गाऱ्हाणे घालावे लागेल, याचा विचार त्या प्रेताने घरून निघतानाच केलेला बरा. यंत्रांच्या बंडाविषयी एवढेच म्हणता येईल की बंड करण्यासाठी यंत्राला वीज आणि नेटवर्क ही दोन्ही एकाच वेळी मिळावी लागतात.

अन्नसाठ्याविषयी मात्र या मार्गदर्शकांशी तपशिलात वाद घालणे भाग आहे. तळघर खोदून त्यात डबाबंद अन्न भरावे, असा त्यांचा आग्रह असतो. परंतु कोकणच्या पावसात खोदलेले तळघर आषाढापर्यंत विहीर झालेले असते. म्हणून येथील बेगमी, म्हणजे पावसाळ्याआधी करून ठेवलेला साठा, माळ्यावर चढते. तीत सुके बांगडे, गोलमा म्हणजे बारीक सुकी कोळंबी, सोले म्हणजे आमसुले, मातीत घोळून वाळवलेल्या फणसाच्या आठळ्या आणि भाताच्या पेंढ्यात गच्च आवळून कडधान्य टिकवणारा बिवळा, असे सर्व काही असते. नॉर्वेने 2008 साली स्वालबार्डच्या बर्फाळ डोंगरात जगभरच्या बियाण्यांचे कोठार उघडले तेव्हा त्याची जगभर वाहवा झाली; बिवळ्याच्या वाट्याला ती आली नाही, कारण त्याची फीत कापायला कोणी मंत्री माळ्यावर चढला नाही. मूठभर कुळथाचे पीठ, दोन सोले, लसूण, मिरची आणि पातेलेभर पाणी यांवर पाच माणसांचे घर जेवू घालणारी पिठी ज्या प्रदेशात होते, त्याला उपासमारीची भीती घालणे जड जाते.

खरी परीक्षा पाहतो तो प्रत्यक्ष येऊन गेलेला प्रलय. 16 मे 2021 रोजी, टाळेबंदीचे निर्बंध चालू असतानाच, तौक्ते चक्रीवादळ जिल्ह्याच्या किनाऱ्याजवळून गेले. माड आणि हापूसची कलमे आडवी झाली, विजेचे खांब मोडले आणि कित्येक वाड्या अनेक दिवस अंधारात राहिल्या. त्या दिवसांत माणसे जगली, आणि जगण्याची पद्धत पुस्तक लिहिण्याजोगी नव्हती: चूल पेटवली, विहिरीवर कळशी नेली, वाटेवर पडलेले झाड शेजाऱ्यांनी मिळून तोडले. कठीण भाग त्यानंतर सुरू झाला. पंचनामा, म्हणजे पंचांसमक्ष केलेली नुकसानीची नोंद, झाला की भरपाईसाठी सातबारा लागतो. आणि सातबारा उतारा, म्हणजे जमिनीचा मालक व तीवरील पीक दाखवणारा महसुली कागद, कोकणात मालक कोण हे सांगण्याऐवजी मालक किती हे सांगतो. पणजोबांच्या मागे लागलेल्या नावांपैकी काही वारलेली, काही परळ सोडून डोंबिवली-विरारला गेलेली असतात. रक्कम एकाच्या खात्यात यायची तर बाकीच्यांचे संमतीपत्र हवे, आणि बांधावरच्या एका काजूवरून ज्याने बोलणे टाकले त्या चुलत्याची सही मिळवणे हे उन्मळलेले कलम पुन्हा उभे करण्याहून अवघड असते. तात्पर्य, प्रलयाची तयारी करणाऱ्याने आधी वाटणीपत्र करावे आणि तांदूळ मागाहून भरावेत.

पळून जाण्याच्या शास्त्रात तर या जिल्ह्याला कोणी शिकवण्यासारखे नाही. मालवण तालुक्यातील आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत तीन-चार वर्षांनी, आणि वैभववाडी तालुक्यातील शिराळे येथे दरवर्षी, गावपळण होते; म्हणजे ग्रामदेवतेचा कौल मिळाल्यावर सारा गाव गुरे, कोंबड्या, कुत्री आणि आजारी म्हाताऱ्यांसह शिवेबाहेर जाऊन खोपी घालून राहतो. कौल म्हणजे मूर्तीला लावलेली कळी वा पाकळी कोणत्या बाजूने पडते यावरून देवाकडून घेतलेला होकार किंवा नकार. मालवणकडच्या गावांत तीन दिवस आणि तीन रात्री घरे ओस असतात, नंतर पुन्हा कौल होतो, गाऱ्हाण्याला, म्हणजे देवापुढे मांडलेल्या विनवणीला, सर्वांचे ‘व्हय म्हाराजा’ पडते आणि गाव परत भरतो. यामागील श्रद्धेविषयी कोणाचे काहीही मत असो, आपत्तीच्या सरावात एकही कोंबडी मागे न ठेवणारी दुसरी पद्धत सापडणे कठीण आहे. जगबुडीची पुस्तके माणसाला एकट्याने तळघरात शिरून आतून कडी लावायला शिकवतात. बाहेर कधी यायचे याविषयी ती मोघम असतात आणि शेजाऱ्याच्या म्हशीचे काय करायचे याविषयी गप्प. 2020 साली साथीमुळे मुंबईहून परतलेले चाकरमानी, म्हणजे शहरात नोकरीस गेलेले गावकरी, शाळांमध्ये विलगीकरणात बसवले गेले, तेव्हा किती दिवस बसायचे याचा कौल परिपत्रक देत असे, आणि तो अधूनमधून बदलत असे.

या सिद्धतेला एकच ठिकाण अपवाद आहे. देवबाग हे एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्यामधील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले गाव असून तेथे पावसाळी उधाणात समुद्र माडांच्या मुळांशी येतो, दगडी बंधाऱ्याची मागणी होते, दगड पडतात आणि समुद्र पुढच्या वर्षी पुन्हा येतो. तेथील खाडीतल्या वाळूच्या बेटाला 26 डिसेंबर 2004 च्या सागरी आपत्तीवरून ‘त्सुनामी आयलंड’ हे नाव पडले आहे आणि पर्यटक त्यावर नारिंगी जाकीट घालून पाण्याचे खेळ खेळतात. तारीख जाहीर न करता दरवर्षी थोडा थोडा येणारा हा प्रलय कोणत्याच मार्गदर्शकात नाही. त्यापासून पळता येईल, परंतु परतण्याचा कौल मागायला त्या वेळी मागे गाव असले पाहिजे.

गावपळण पाहू इच्छिणाऱ्यांनी गावात जाऊ नये, तेथे चहासुद्धा मिळणार नाही. शिवेबाहेरच्या खोपींकडे जावे. तीन दिवस सुट्टी काढून चाकरमानीही तेथे आलेले असतात, म्हणून गाववाल्यांनी संमतीपत्राचे कोरे नमुने आणि शाईचे पॅड बरोबर ठेवावे, कारण सातबाऱ्यावरचे सगळे चुलते एका जागी पुन्हा सापडायला आणखी तीन-चार वर्षे लागतात.